मेंदूच्या उजव्या बाजूला राहिलेलं नाव

केनवडला उतरले तेव्हा एसटीच्या धक्क्यांनी कंबर पार गेली होती… सत्तरच्या दशकातला एक बाजाराचा दिवस. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्ध्यांवर संशोधन सुरू करून मला चार वर्षं झाली होती आणि खरं सांगते, जीव विटला होता.

तेव्हा स्कॅन-बिन काही नव्हतं. लकवा मारलेल्या माणसांच्या घरी जायचं, चित्रांची कार्डं दाखवायची, काय बोलता येतं ते वहीत लिहायचं. घरच्यांना वाटायचं, बाई औषध घेऊन आली… कितीदा समजावणार?

त्या दिवशीचे गुलाबभाऊ शिलाईकाम करणारे. उजवा हात लुळा, वाचा गेलेली, म्हणजे घाव मेंदूच्या डाव्या बाजूला. गाय दाखवा, कात्री दाखवा, उत्तर एकच… "हो हो हो."

त्यांच्या बायको कौसल्याबाई दाराशी उभ्या होत्या. "वर्स झालं, बाई. दिवसभर दुकानातून कौसल्ये, कौसल्ये करत जाय हा मानूस. एक डाव माह्यं नाव घेतलं त मले बस झालं."

मी डॉक्टर नाही, नुसती तपासते, असं नेहमीचं सांगितलं. "मंग कायले आल्या एवढ्या दुरून?" म्हणाल्या. काय सांगणार, कप्पाळ!

निघता निघता एक सुचलं. वाचा गेलेली माणसं कधी कधी पाठ असलेलं गाणं अख्खं म्हणतात, ते उजव्या बाजूच्या भरवशावर येत असावं असं आम्ही मानायचो. त्यांच्याकडून भजन म्हणवून पाहिलं, नाही जमलं. मग म्हटलं, "भाऊ, लग्नात उखाणा घेतला होता ना? घ्या बरं बायकोचं नाव."

कौसल्याबाईंनी तोंडाला पदर लावला. गुलाबभाऊ ताठ बसले…

"तुरीच्या शेंगीत दाने चार, सरू आली अन् उजयलं दार!"

एक अक्षर अडखळलं नाही हो! मला इतका आनंद झाला की वही उघडून लिहायलाच लागले. चार वर्षांत असं पहिल्यांदा हाती लागत होतं… आणि मग डोक्यात प्रकाश पडला. सरू?

"पयली," कौसल्याबाई हळूच म्हणाल्या. "बाळंतपनात गेली. माह्यं लगन बिजवराशी, घाईत उरकलं… नाव कुठचं घेते कोनी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी सांगितला होता हा उपद्व्याप? पण गुलाबभाऊ त्यांच्याकडेच बघत होते, नवरदेवासारखे हसत. त्यांच्या लेखी त्यांनी हिचंच नाव घेतलं होतं.

कौसल्याबाईंनी डोळे पुसले, खाटेपाशी गेल्या अन् म्हणाल्या, "आली जी मी. अजून एक डाव म्हना."

माझ्या निबंधात ही केस एका ओळीत आली… 'पाठ असलेलं बोलणं शाबूत.' पुढे सगळी नोकरी याच विषयात गेली. थकले, निवृत्त झाले. डावा मेंदू काय करतो, उजवा काय, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

त्या बाईचं नाव मात्र मी कुठेच लिहिलं नाही. तेवढ्यासाठीच आज हे लिहायला बसले… कौसल्याबाई.