दोन भाज्यांची साक्ष

वैशाख शुद्ध दशमी, गुरुवार, सकाळी साडेसहा. रक्कम एक रुपया. हजर माणसं चार: आई, थोरले बंधू नागोजीराव, शेजारच्या अंबाक्का आणि मी. ठिकाण, तंजावरच्या आमच्या घराचा उंबरा. त्या दिवशी मी घर सोडून मद्रासला निघालो, असं आमच्या घरात सगळे धरतात. आगगाडीत मात्र मी बसलो शनिवारी रात्री. मधल्या अडीच दिवसांत जे झालं त्यापायी माझ्या नावाचं वॉरंट निघालं. तंजावरात राहिलेले तुम्ही भाऊबंद ती हकिकत एका तऱ्हेनं सांगता, मद्रास-बेंगळुराकडे गेलेले दुसऱ्या तऱ्हेनं, आणि दोन्हींत आकडे चुकतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मद्रासच्या एका सरकारी कचेरीत मला कारकुनी लागली होती. पगार अठरा रुपये, सहा महिने उमेदवारी, मग कायम. मुहूर्त गुरुवारचा होता, पण ज्यांच्याबरोबर जायचं आणि ज्यांच्या खोलीत राहायचं त्या गृहस्थांना शनिवारखेरीज निघता येईना. आईला शनिवार मान्य नव्हता. तेव्हा आपल्यात करतात तसं तिनं प्रस्थान ठेवलं. एका धोतरात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि एक रुपया बांधला, मुहूर्तावर ते गाठोडं माझ्या हाती दिलं, आणि मी ते नेऊन अंबाक्कांच्या घरी ठेवलं. गाठोडं मुहूर्तावर उंबऱ्याबाहेर गेलं की माणूस निघाला. पुढं दोन दिवस तो गावात दिसला तरी गेलेलाच. रुपया खर्चायचा नाही, परत येशील तेव्हा माझ्या हातात दे, एवढं आईनं बजावलं.

तेव्हापासून मी निजायला अंबाक्कांच्या ओट्यावर. बंधू तिरुवैयारुला गाणं शिकवायला निघून गेले. जेवायला मात्र आईनं मला घरी बोलावलं, पण अट घालून. म्हणाली, "पाहुणा म्हणून ये. निघालेल्यानं मुलगा म्हणून घरात येऊ नये." मी हसलो, ती हसली नाही. शुक्रवारी दुपारी तिनं माझं पान स्वयंपाकघरात न मांडता पुढच्या सोप्यात मांडलं, मला 'आपण' म्हटलं, प्रत्येक पदार्थ विचारून वाढला, आणि भाज्या दोन केल्या. वांगं आणि केळफूल. वडील गेल्यापासून आमच्याकडे भाजी एकच होई. दुसरी झाली तर समजावं, कोणी बाहेरचं जेवायला आहे.

जेवण अर्ध्यावर असताना दाराशी कोणी आलं. मी पानावरून मान वर करीपर्यंत आई जाऊन दोन शब्द बोलून आली. कोण होतं विचारलं, तर म्हणाली, आमच्या मुलाला विचारत होता, तो गेला म्हणून सांगितलं. कोणी मित्र असेल असं मला वाटलं. मी ताकभात संपवला.

शनिवारी रात्री स्टेशनावर पोचवायला आई आली नाही. दारापर्यंतही आली नाही. तिच्या हिशेबानं तिनं मला गुरुवारीच पोचवलं होतं. मी गाठोडं घेऊन गल्लीतून गेलो तेव्हा परसात विहिरीवर रहाट वाजत होता. त्या वेळी आमच्या घरी कोणी पाणी काढत नसे.

मद्रासला मी लवकर रुळलो. सकाळी मेसमध्ये टिफिन, ट्राममधून ऑफिस, दिवसभर फायली. मेसमध्ये माझ्या तमिळला तंजावरी म्हणून हसत. मराठी बोलायला कोणी नव्हतं. फक्त बेरजा मी मराठीत करी, अजून करतो. तो रुपया ट्रंकेच्या तळाशी धोतराच्या घडीत होता.

पाचव्या महिन्यात बंधूंचं कार्ड आलं. मद्रासच्या टपालवाल्याला वाचता येऊ नये म्हणून मोडीत लिहिलेलं. पोलीस शिपाई घरी येऊन गेला, तुझ्या नावाचं वॉरंट आहे म्हणतो, कोणत्या कोर्टाचं ते त्याला सांगता येईना, आईनं त्याला ताक दिलं. एवढंच.

मी कार्ड हेडक्लार्कना वाचून दाखवलं. लपवणं माझ्यानं झालं नसतं. ते चांगले गृहस्थ होते, पण स्पष्ट बोलले. चार दिवसांची रजा देतो, वॉरंट रद्द झाल्याचा कोर्टाचा कागद आणा. तो नसेल तर कायम करण्याची शिफारस माझ्या सहीनं जाणार नाही. त्या नोकरीवर आईचा आणि माझा निर्वाह होता. बंधूंच्या शिकवण्यांतून तांदूळ येत, रोख येत नसे.

पहिला दिवस मी वाया घालवला. वॉरंट म्हणजे फौजदारी, अशा समजुतीनं तंजावरात उतरून थेट मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत गेलो. तिथल्या गुमास्त्यानं दोन नोंदवह्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, तुम्ही कोणाला मारलंत का? नाही म्हटलं. काही चोरलंत? नाही. मग कुठल्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केलीत? मी म्हणालो, एकतीस. त्यानं वही मिटली. साक्षीदारानं समन्स चुकवलं तरी वॉरंट निघतं, म्हणाला, आणि ते ज्या कोर्टानं बोलावलं तिथंच असतं. जिथं सह्या केल्या तिथं जा. आणि पकडून न्यायची वाट बघू नका. दावे पुकारायच्या आधी आपण होऊन मुन्सिफांसमोर, म्हणजे तिथल्या दिवाणी न्यायाधीशांसमोर, उभे राहा.

मद्रासला जाण्याआधी दोन वर्षं मी पापनाशमला एका दस्त लिहिणाऱ्याकडे लेखनिक होतो. ज्या ज्या कागदावर साक्ष घातली त्याची नोंद मी एका वहीत ठेवी. ती वही घरी कोनाड्यात होती. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा आईनं आधी वॉरंटाचं विचारलं नाही, वाळलास म्हणाली. वही काढून दिव्यापाशी बसलो. एकतीसपैकी भांडणाजोगा एकच निघाला, सतरावा. मुत्तय्या नावाच्या शेतकऱ्यानं आपली गहाण पडलेली दोन मा जमीन, म्हणजे पाऊण एकरालाही कमी, सोडवून घेतली होती. पैसे माझ्यासमोर दिले होते आणि पावतीवर माझी सही होती. दुसरा साक्षीदार पुढं वारला होता. सावकार पैसे पोचलेच नाहीत म्हणाला असेल, तर ते पोचल्याचं सांगणारा मी एकटाच उरलो होतो.

तसंच निघालं. दुसऱ्या दिवशी पापनाशमच्या कोर्टात गुमास्त्यानं दाव्याचे कागद काढले. त्यात अमिनाचा दाखला होता. अमीन म्हणजे समन्स बजावणारा कोर्टाचा माणूस. शुक्रवारी दाराशी आला होता तो हाच. त्यानं लिहिलं होतं की साक्षीदाराला मी ओळखतो, तो सोप्यात जेवत होता, त्याच्या आईनं तो मद्रासला गेला असं सांगितलं, आणि हा कोण विचारल्यावर पाहुणा आहे म्हणाली; सबब साक्षीदार समन्स चुकवतो आहे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. व्हरांड्यात मुत्तय्या बसला होता. दोन तारखा माझ्यापायी फुकट गेल्या होत्या. मला पाहून तो पंचा झटकून बाजूला सरकला आणि मला बसायला जागा दिली. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुन्सिफ तमिळ होते, वयानं पोक्त. माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, प्रस्थान आम्हांलाही ठाऊक आहे. पण पकडला गेलेला प्रत्येक साक्षीदार उद्या प्रस्थान ठेवलं होतं म्हणेल. आईला आणा. मग जातमुचलका लिहून घेऊन मला एक दिवस सोडलं.

तिसऱ्या दिवशी आई आणि अंबाक्का माझ्याबरोबर गाडीनं पापनाशमला आल्या. आई जन्मात कोर्टाची पायरी चढली नव्हती. मला भीती एवढीच की ती घाबरून काहीतरी सावरून घेईल. गुरुवारी सकाळपासून गाठोडं आपल्या कोठीत होतं, असं अंबाक्कांनी सांगितलं. मग मुन्सिफांनी आईला विचारलं, मुलगा त्या दिवशी घरात होता का?

"होता."

"मग गेला म्हणून का सांगितलंत?"

"गेला होता म्हणून."

कोर्टातले लोक हसले. मुन्सिफ हसले नाहीत. जेवत कोण होतं, त्यांनी विचारलं.

"पाहुणा. मी दोन भाज्या केल्या होत्या, साहेब. पोराला एकच करते."

मुन्सिफांनी अमिनाला पुढं बोलावलं आणि पानावर काय होतं विचारलं. अमीन तंजावरचाच, आपली बोली कळणारा, आणि दाखल्यासारखाच खरा माणूस. तो म्हणाला, भाज्या दोन होत्या, वांगं आणि केळफूल. शिवाय बाई 'वाढू का आपल्याला' असं म्हणत होत्या. पोटच्या पोराला असं कोण म्हणतं? म्हणून तर हे सोंग आहे असा मला संशय आला.

"सोंग बघणाऱ्यासाठी करतात," मुन्सिफ म्हणाले, "आणि तुम्ही येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाज्या तर सकाळीच झाल्या असतील."

त्यांनी वॉरंट रद्द केलं, दंड केला नाही, समन्स-वॉरंटाचा खर्च तेवढा भरायला सांगितला आणि माझी साक्ष लगेच घेतली. पावतीवरची सही माझी, पैसे माझ्यासमोर मोजले, इतकं सांगायला दहा मिनिटं पुरली. त्या दहा मिनिटांसाठी मुत्तय्या पाच महिने थांबला होता. जमीन त्याला मिळाल्याचं पुढं बंधूंच्या पत्रातून कळलं. रद्द झाल्याच्या हुकमाची नक्कल घेऊन मी चौथ्या दिवशी रात्रीच्या गाडीत बसलो, आणि महिन्याभरानं कायम झालो.

कोर्टातून आलो त्या संध्याकाळी आईनं स्वयंपाकघरात पान मांडलं. भाजी एकच होती, सकाळचीच, आणि तिनं न विचारता भात ओतला. पुरे म्हणेपर्यंत पान भरलं होतं. जेवण झाल्यावर मी मद्रासहून बरोबर आणलेला तो रुपया तिच्यापुढं धरला. तिनं हात मागं घेतला.

"पाहुणा असशील तर पाहुण्याकडनं पैसा घेत नाहीत. घरचा असशील तर देतोस कशाला? ठेव."

त्यानंतर मी वर्षातून एकदा तंजावरला जात गेलो. पहिली सहा वर्षं एकच भाजी असे. सातव्या वर्षी लग्नानंतर आम्ही दोघं गेलो तेव्हा दोन झाल्या. सून नवी म्हणून असेल असं मी धरलं. पुढल्या वर्षी मी एकटा गेलो, तरी दोन. तिला विचारलं असतं तर तिनं खरं तेच सांगितलं असतं. तिच्या शेवटच्या वर्षी चुलीपाशी तिला फार उभं राहवत नसे, तरी दुसरी भाजी चिरायला घेतली. मी विळी काढून घेतली आणि म्हणालो, आई, एकच कर. "बरं," म्हणाली, आणि मला न विचारता वाढलं. घर म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी त्या पानाचं सांगतो. मद्रासचं बिऱ्हाड माझं आहे, भाडं मी देतो, तिथं रोज दोन भाज्या होतात आणि त्यात काही उणं नाही.

आता हिशेब. कोर्टात भरले एक रुपया दहा आणे, पावती माझ्यापाशी आहे. मुत्तय्याला त्याच्या दोन फुकट खेपांच्या गाडीभाड्याचे दिले दोन रुपये चार आणे. कोर्टानं सांगितले नव्हते, आणि त्यानं ते पंच्याच्या टोकाला बांधले, मोजले नाहीत. अमिनाला द्यायला आईनं केळफुलाची भाजी आणली होती, ती त्यानं सरकारी नोकर म्हणून घेतली नाही. राहिला आईचा रुपया. मागल्या गुरुवारी आमचा थोरला मुलगा रंगूनला निघाला. बोट सोमवारची होती, म्हणून त्याच्या आईनं शेजारी प्रस्थान ठेवलं. पोस्टात आणि मला ठाऊक असलेल्या दोन कोर्टांत मी त्याचा रंगूनचा पत्ता आधीच देऊन आलो होतो. गाठोडं बांधताना तांदळात मी तो रुपया घातला, आणि परत येशील तेव्हा आईच्या हातात दे म्हणून सांगितलं. एक रुपया, मुलास, पोचला.