किती पडले?

मुलांनो,

परवा फोनवर धाकटीनं विचारलं, "आजी, बाबा चोरांना घाबरतो का?" नवा देश, नवं घर, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि तुमचा बाबा रोज झोपण्यापूर्वी दाराजवळच्या स्टुलावर पातेल्यावर पातेलं चढवतो, वर पेला पालथा घालतो आणि दाराला आतून कडी लावू देत नाही. तुमची आई म्हणाली, हे तुमच्या आजीकडचं आहे, तिलाच विचारा. तुमची आई पुण्याची. जे जे चमत्कारिक ते मराठवाड्याकडचं, हे तिकडे लहानपणीच शिकवतात. या वेळी मात्र तिचं बरोबर आहे.

फोनवर मी उत्तर दिलं नाही. मध्येच तुमचं चित्र थिजतं आणि माझं वाक्य अर्धं राहतं. मी जन्मभर शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवलं. अर्धी वाक्यं मला सोसत नाहीत. शिवाय हे ज्यांनी सांगायचं ते तुमचे आजोबा आता नाहीत, आणि असते तरी त्यांनी सांगितलं नसतं. म्हणून लिहिते. अडखळत का होईना, स्वतः वाचा. अर्थ आईला विचारू नका.

तुम्ही ऐन हिवाळ्यात परदेशी बिऱ्हाड थाटलंत, त्याचं कौतुक आहेच. पण आपल्या घरात तो मान तुमचा पहिला नाही. आम्ही नांदेडहून लातूरला गेलो होतो.

हसू नका. तुमच्या बाबाला दहावीला चांगले मार्क मिळाले, तिथून सगळं बिघडलं. त्या काळी नांदेडात एखाद्या घरी हुशार मुलगा निघाला की चार लोक येत, दुखवट्याला बसावं तसे बसत आणि उसासा टाकून म्हणत, "आता लातूर." अकरावी-बारावी लातूरला केली नाही तर मुलगा इंजिनियर होत नाही आणि पर्यायानं माणूसही होत नाही, असं ठरून गेलं होतं. आम्हीही त्याला पाठवला. एका खोलीत आणखी काही मुलांबरोबर तो राहू लागला.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. लातूरच्या दक्षिणेकडची गावं झोपेतच गेली. त्याबद्दल मी हसून काही लिहिणार नाही. लातूर शहर हललं, भिंतींना भेगा पडल्या, पण उभं राहिलं. तुमचा बाबा बनियनवर जिना उतरला आणि मिळाली त्या एस.टी.नं नांदेडला आला. पुढं दिवाळी झाली, कॉलेज उघडलं, आणि हा परत जाईना. जायचं नाही असंही म्हणेना. पुस्तकं उघडायचा, रडकुंडीला यायचा, मिटायचा. त्याला इंजिनियर व्हायचंच होतं. फक्त लातूरच्या छपराखाली झोपायचं नव्हतं.

तुमचे आजोबा बांधकाम खात्यात होते. त्यांनी लातूरला बदली मागितली. त्या वर्षी अशी बदली मागणारा खात्यात दुसरा कोणी नसावा, कारण साहेबांनी अर्ज वाचून आधी, "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं म्हणे. पडलेल्या गावांचे पंचनामे करायला माणसं हवीच होती. बदली हातोहात मिळाली. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "अहो भावजी, तिथं जमीन हलून राहिली अन् तुम्ही लेकरू घेऊन चालले?" आजोबा म्हणाले, "वहिनी, जमीन हलते. मेरिट हलत नाही."

मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. लातूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अर्धी माणसं ट्रंका, गाद्या, रडती पोरं घेऊन शहर सोडत होती आणि अर्धी माणसं ट्रंका, गाद्या, रडती पोरं घेऊन शहरात शिरत होती. जाणाऱ्यांना जीव वाचवायचा होता आणि येणाऱ्यांना पर्सेंटेज. दोघांचे हमाल तेच.

खोली लगेच मिळाली. खाली घरमालकाचं गाद्या-रजया भरायचं दुकान, वर दोन पक्क्या खोल्या, मागं अंगण. घरमालकिणीला सगळी गल्ली खाला म्हणे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. खालांनी भिंतीवर थाप मारून दाखवली. "बाई, स्लॅब एकदम मजबूत. आमच्या मालकानं सिमेंटात कंजुषी केली न्हाई. बिनघोर ऱ्हावा."

सामान लावताना मी खिडकीतून पाहिलं. अंगणात नवं कोरं पत्र्याचं शेड होतं आणि त्यात खालांचं सगळं कुटुंब बाजा टाकून राहत होतं.

मी विचारलं, "खाला, तुम्ही वर का नाही झोपत?"

"आमाला पत्र्याची आदत हाय, बाई."

"कधीपासून?"

"भूकंपापासून," खाला म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत. विचारल्याशिवाय खरंही बोलत नसत. पत्रा पडला तर डोकं फुटतं, स्लॅब पडला तर माणूस जातो, हे लातुरात शेंबड्या पोरालाही कळलं होतं. म्हणून लातूरकर पत्र्याखाली झोपत आणि स्लॅब भाड्यानं देत. बाहेरगावचे आईबाप तो आनंदानं घेत, कारण क्लास जवळ पडे.

परका देश म्हणतात तो हाच. तिथला दिवस पहाटे सुरू व्हायचा. अंधारात, थंडीनं नाकं लाल झालेली मुलं माकडटोप्या घालून सायकलींवर निघायची. फिजिक्सचा क्लास तुरीच्या एका रिकाम्या गोदामात भरे आणि सर माईकवरून शिकवत. मुलं घरी येत तेव्हा त्यांच्या स्वेटरला तुरीच्या भुसकटाचा वास असे. ज्ञानाचाही तोच, अशी माझी समजूत झाली. तिथं मुलांना नावं नव्हती. "तो ब्याण्णववाला" आणि "ती अठ्ठ्याण्णववाली" अशी ओळख करून देत. ब्याण्णववाल्याची आई मान खाली घालून भाजी घेई.

आणि भेटल्यावर विचारायचं ते वेगळं. नांदेडात "जेवलात का?" म्हणतात. लातुरात म्हणत, "किती पडले?" आपल्या भाषेत मार्कही पडतात आणि वाडेही पडतात. भूकंपाआधी या प्रश्नाचा एकच अर्थ होता. आता दोन झाले होते, पण विचारणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी तुमच्या बाबानं वळकटी उचलली आणि तो खाली अंगणात, खालांच्या शेडच्या दाराशी जाऊन झोपला. आजोबांनी त्याला दंडाला धरून वर आणलं. "आपण शिकलेली माणसं आहोत. स्लॅबचं गणित मला कळतं. पत्र्यात झोपायला आपण काय गादीवाले आहोत?" तो वर आला, पण झोपला नाही. दाराला पाठ लावून बसून राहिला. असे काही दिवस गेले. क्लासमध्ये डुलक्या घेऊ लागला, चाचणीत आपटला. शेवटी आजोबांनी निकाल दिला, "रविवारपर्यंत छपराखाली नीट झोपायला लाग. नाहीतर सोमवारच्या गाडीनं नांदेड, आणि मामाच्या कापडदुकानात गज घेऊन उभा राहा. पुन्हा इंजिनियरचं नाव काढायचं नाही." आजोबा बोललेलं फिरवत नसत. हे त्यालाही माहीत होतं.

तेव्हा त्यानं उतरंड शोधून काढली. गोदामात गुरुत्वमध्य शिकवून झाला होता, त्याचा एवढाच उपयोग मी पाहिला. स्टुलावर लहान पातेलं, त्यावर मोठं, त्यावर त्याहून मोठं, म्हणजे सगळं डळमळीत राहील असं. वर माझा पितळी पेला पालथा. जमीन जरा हलली की पेला पडणार, आवाज होणार, आपण उठणार. "हे उभं आहे तोवर मी झोपतो," तो म्हणाला. आजोबा म्हणाले, "वा! सरकारनं वेधशाळा बंद करून तुझ्या आईची भांडी लावावीत." पण मुलगा झोपू लागला, म्हणून ते पुढं बोलले नाहीत. सोमवार टळला. मला मात्र सकाळी चहाला पातेलं मिळेना. दिवस उगवल्याशिवाय उतरंड मोडायची नाही, असा नियम होता. त्या हिवाळ्यात आमच्या घरात शास्त्र आधी, चहा नंतर.

आजोबा रोज जीपनं त्या गावांकडे जात आणि दिवस मावळता परत येत. काय पाहिलं ते सांगत नसत. समोरच्या घरात उमरीचे एक गृहस्थ मुलासाठी बिऱ्हाड करून होते. घरचा कापसाचा धंदा भावावर टाकून ते इथं मुलाच्या मार्कांचा भाव बघत बसत. एका संध्याकाळी आजोबा जीपमधून उतरले. बुटांपासून गुडघ्यापर्यंत गावाची पांढरी माती. ओट्यावरून हाक आली, "काय साहेब, किती पडले?"

आजोबा म्हणाले, "सगळे."

"सगळे?" ते गृहस्थ उठून उभे राहिले. "पैकीच्या पैकी? अहो, मग पेढे काढा की."

आजोबा जिना चढले. दुसऱ्या दिवशी भाजीवालीपाशी दोघीतिघींनी माझं अभिनंदन केलं. "साहेब लई धीराचे हो, एवढे पडले तरी तोंड किती बारीक ठेवलं." मी खुलासा करायला गेले. पण ज्या गावाला एका शब्दाचा एकच अर्थ ऐकायचा असतो, तिथं इंग्रजी एम.ए. होऊनही काही सांगता येत नाही. मी मेथीची जुडी घेऊन घरी आले.

मग एका पहाटे उतरंड कोसळली.

आवाज असा झाला की अर्धी गल्ली उठली. मी डोळे उघडते तो तुमचे आजोबा, शिकलेले, स्लॅबचं गणित कळणारे, रजईसकट दाराबाहेर. मला हाक नाही, मुलाला हाक नाही. मी आणि तुमचा बाबा खाली पोचलो तेव्हा ते अंगणात माकडटोपी आणि रजईत उभे होते आणि खाला कंदील घेऊन त्यांच्याकडे बघत होत्या.

"साहेब, जमीन हालली काय?"

कोणालाच हललेली कळली नव्हती. पत्रा वाजला नव्हता, कोंबड्या गप्प होत्या. तेवढ्यात जिन्यावरून खालांचं मांजर आरामात उतरलं. मिशांना दूध होतं.

खाला इतक्या हसल्या की त्यांना बाजेवर बसावं लागलं. आजोबांनी साहजिकच मुलावर तोंड सोडलं. "हे तुझं शास्त्र. मांजरानं भूकंप केला. बस झालं, उद्याच्या उद्या नांदेड."

तुमचा बाबा थंडीनं कुडकुडत होता. तो म्हणाला, "पण बाबा, मांजर आत आलं कसं? दाराला कडी होती ना?"

घरातली कडी रोज तेच लावत. नांदेडात कडी लावून, ती हलवून, अंथरुणावरून परत उठून पुन्हा हलवून बघायचे. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"कडी होती ना?" त्यानं पुन्हा विचारलं.

"नव्हती," आजोबा म्हणाले. "आल्यापासून एकदाही लावलेली नाही."

"का?"

त्यांनी रजई आवळून घेतली. "तिथं काही ठिकाणी चौकटी उभ्या आहेत. मागं घर नाही, मातीचा ढीग आहे. दार तसंच बंद आहे आणि कडी आतून लावलेली आहे." मग म्हणाले, "रोज एक तरी दिसतं."

खालांचं हसू केव्हा थांबलं ते कळलं नाही. त्यांनी शेडमधली एक बाज ओढून जागा केली. "बेटा, हितं झोप. साहेब, तुमी पण. वर स्लॅबची इज्जत सांभाळायला बाई हायत."

आजोबा म्हणाले, "मी फक्त याच्या सोबतीला." आणि फेब्रुवारी संपेपर्यंत सोबत केली. नांदेडचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. तुमचा बाबा पत्र्याखाली ढाराढूर झोपला, पहाटे गोदामात गेला आणि यथावकाश इंजिनियर झाला. मी वर एकटी राहिले. भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. थोडी वाटली. पण लग्नानंतर पहिल्यांदाच मला दोन खोल्या, एक दिवा आणि कोणाचंही घोरणं नाही, असा हिवाळा मिळाला होता. त्यासाठी एवढा धोका मी पत्करला. खालांनी भाडं तेवढंच घेतलं. पत्र्यातल्या दोन बाजा धरून.

तुमची आई म्हणते, तुम्ही राहता तिथली जमीन हलत नाही, तसं पुस्तकात आहे. आमच्या भूगोलाच्या पुस्तकातही आमच्या जमिनीबद्दल तेच होतं, आणि भूगोलाच्या बाई रजेवर असताना मुलांकडून मीच ते पाठ करून घेतलं होतं. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या धक्क्यानं उतरंड पडली तर बाबाला हसा, खुशाल हसा. खालाही हसल्या होत्या. कडी लावायची की नाही, ते मात्र त्याच्यावर सोडा.

खालांचं घर पाडून तिथं आता मुलांचं हॉस्टेल झालं आहे, वरपासून खालपर्यंत स्लॅबचं. पत्र्याचं शेड गेलं. पातेली तुमच्याकडे आहेत. पितळी पेला नांदेडला माझ्याकडे आहे, एका बाजूनं चेपलेला. माझ्या दाराला कडी आहे. ती मी लावत नाही.