भाग्यलक्ष्मीचा भाकरतुकडा

"माय, उंबरा धर की गं, हालूलालाय!"

"उंबरा कामून हालंल? तूच हालूलालीस. पिऊन आलीस का काय?"

"न्हाई गं. समुद्र अजून पायातून उतरला न्हाई."

नल्लकुंट्याच्या गल्लीत कुसुमताईची चूल दाराला खेटून. संध्याकाळी तिथं ज्वारीच्या भाकरी थापून विकायच्या. तेलुगू गिऱ्हाईक त्यांना जोन्ना रोट्टे म्हणतं. देगलूरकडची कुसुमताई भाकरच म्हणते. तिची लेक भाग्यलक्ष्मी हुसेनसागर तलावात शीड धरायला शिकली, आणि मानसी नावाच्या मैत्रिणीसंगं, दोन बैलगाड्या मागंपुढं लावल्या तर होईल तेवढ्या लांबीच्या होडीत मॉरिशसहून निघून थेट कोचीला लागली. तिथून रेल्वेनं आज घरी. बाप भगवंतराव तिची पिशवी घेऊन मागं उभा, मिशीत हसत.

कुसुमताईला एकच ध्यास. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला की वाटेतलं काही घरात शिरत नाही. पोरीला लागलेला समुद्र आज उंबऱ्याबाहेरच टाकायचा, म्हणजे पुन्हा जायचं नाव काढणार नाही.

तिनं तव्यावरच्या भाकरीचा तुकडा मोडला, पाण्याच्या तांब्यासकट पोरीवरून फिरवला. टाकायला जाते तर हात रिकामा. भाग्यलक्ष्मीचं तोंड भरलेलं.

"अगं भवाने! इडापिडा गिळलीस की!"

"गरम होती माय. होडीत डब्यातलं गारढोण खाऊन जीव इटला."

"थूक आधी!"

"गेली पोटात."

शेजारची वंदना पदर तोंडाला लावून खिदळली. "ताई, दुसरा ओवाळा. आता शिळा घ्या, शिळा!"

शिळी भाकर त्या चुलीवर कधी उरलीच नव्हती. दुसरा तुकडाही गरमच निघाला. भगवंतरावांनी पोरीचे हात धरले, तर तिनं वासरासारखी मान काढून तोही तोंडानं ओढला. गिऱ्हाईकं हसून बेजार.

"माय, खरं सांगू?" चौकट धरून ती म्हणाली. "पुढल्या साली परत जायाचं ठरलंय."

कुसुमताईनं तिला खालवर पाहिलं. नाकाची सालं निघालेली, तळहाताला घट्टे, आणि तोंडावर करवलीचा तोरा. ओवाळून उतरण्यातलं हे नव्हतं.

"जा मग. पण डबे नक्को. पीठ ने, तवा ने. उद्यापासून माझ्याजवळ बसून थापायला शिकायचं."

"हौ."

"आता आत मर, आंघोळ कर. सुकटीसारखी वास मारूलालीस."

"अम्मा, मेरे दो रोट्टे?" रिक्षावाला कळवळला.

"देते रे बाबा," म्हणत कुसुमताईनं परातीत पिठाचा गोळा घेतला आणि थापायला लागली.