चार नंबरचं दार

पल्लवी, ये गो, अशी जवळ बस. दोन गणपती गेले, मावशीला तोंड दाखवलं नाहीस. प्रत्यक्षात येत नाहीस तर निदान हे वाचताना तरी जवळ बस, आणि मध्ये दुसरीकडे बोट फिरवू नकोस.

परवा फोनवर हसत हसत म्हणालीस, तुमच्या मल्टिप्लेक्समध्ये एक्झिटच्या दारापुढे पॉपकॉर्नची पोती रचून ठेवलीत. "जागाच नाही ना मावशी!" तू तिथली ड्यूटी मॅनेजर, आणि हसतेस? मी फोन ठेवला, पण मग जेवण गेलं नाही. डोळ्यांपुढे आमचं चार नंबरचं दार आलं. भर मॅटिनीत लायसनवाले साहेब त्या दाराला ढकलत उभे आहेत, आणि दार उघडत नाहीये.

थांब, नीट सांगते.

घाटकोपरला आमचं थेटर. एकच पडदा, खाली स्टॉल, वर बाल्कनी. मी डोअरकीपर. म्हणजे तिकीट फाडायचं, टॉर्च मारून खुर्ची दाखवायची आणि दारं सांभाळायची. तुझे काका गिरणी बंद पडल्यावर घरी बसले आणि मी थेटरात उभी राहिले. कुणी शिकवलं नाही. बघून बघून शिकले. एकतीस वर्षं.

एक्झिटची दारं चार. तीन नंबर आणि चार नंबर मागच्या मुतारीच्या गल्लीत उघडायचे. पूर्वी लोक काय करायचे, एकाने तिकीट काढून आत जायचं आणि अंधार झाला की हळूच एक्झिट उघडायचं. बाहेर दहा जण तयारच. म्हणून आमची पद्धत ठरलेली. पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट आलं की दाराला आडवी लोखंडी पट्टी घालायची. शेवटचं रीळ लागलं की वरून ऑपरेटर घंटा द्यायचा, तेव्हा पट्टी काढायची. पुढे रिळं गेली, डिजिटल आलं. घंटा राहिली आणि पट्टीही राहिली.

हे चूक आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. आग लागली तर माणसं त्याच दारावर येऊन चिरडणार, हे कुणालाही कळतं. पण आग कधी लागली नाही आणि फुकटे मात्र रोज यायचे. शेवटी शेवटी तर फुकटेही येईनात. फुकटसुद्धा आमच्याकडे कुणाला यायचं नव्हतं बघ. तरी पट्टी चालूच.

ऑपरेटर म्हणजे मशीन चालवणारा. आमचे जाधवभाऊ. माझ्याइतकेच जुने. तरुणपणी ते वांद्र्याला ड्राइव्ह-इनमध्ये होते, गाडीत बसून सिनेमा बघायचा तिथे. मला चिडवायचे, "ताई, आमच्याकडे दारंच नव्हती. भिंतीच नव्हत्या. तू तिथे काय केलं असतंस गं?"

"तुमच्या गाड्यांना कड्या घातल्या असत्या," मी म्हणायची.

तर मग लायसन नवं करून घ्यायची वेळ आली. त्यासाठी आगीच्या बाबतीतली तपासणी होते. मॅनेजर कर्णिकांनी आम्हाला लॉबीत उभं केलं. "शेठचा निरोप सांगतो. तपासणी पास झाली तर थेटर चालू. नापास झाली तर ते पुन्हा खटपट करणार नाहीत. सरळ बंद. कळलं ना?"

सात माणसं होतो आम्ही. सगळी पन्नाशीच्या पुढची. आम्हाला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? मॉलवाल्यांना तुझ्यासारखी इंग्रजी बोलणारी हवीत.

आठ दिवस राबलो. लाल बादल्यांत नवी वाळू भरली. एक्झिटच्या पाट्यांमधले गेलेले बल्ब बदलले. जिन्यावरच्या मोडक्या खुर्च्या हलवल्या. त्या मी जिन्यावर किती वर्षं बघत होते, ते विचारू नकोस. तपासणीच्या दिवशी सकाळी कर्णिकांनी चारही दारांच्या पट्ट्या काढून ऑफिसच्या कपाटात घातल्या आणि किल्ली खिशात टाकली.

"परबबाई, आज दारांना हात लावायचा नाही."

"नाही लावत हो. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

साहेब मॅटिनीला आले. शो चालू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली होती. कर्णिक हॉलचे दिवे लावायला धावले.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "लोक अंधारातच बसतात ना? मग अंधारातच बघू."

एक नंबर ढकलला, उघडला. दोन नंबर, उघडला. तीन नंबर उघडला तसं दुपारचं ऊन सरळ पडद्यावर गेलं. पब्लिक ओरडलं, "ए, दरवाजा बंद कर ना यार!" साहेबसुद्धा हसले. कर्णिकांच्या जिवात जीव आला. मी टॉर्च घेऊन पुढे झाले. "या साहेब, हा शेवटचा, चार नंबर."

मीच नेलं गो त्यांना.

ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं. मी टॉर्च खालून वर फिरवला. पट्टी नव्हतीच. पण या एकाच दाराला वरच्या बाजूला एक जुनी खिट्टी होती. कधी कुणी वापरत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षातही नव्हती. ती लागलेली होती.

"ही कुणी लावली?"

मला खरंच आठवेना. मग टॉर्चचा उजेड माझ्या हातावर पडला. बोटांना ताजा गंज लागला होता.

सर्टिफिकेट आलं असणार आणि पाय दाराकडे गेले असणार. हाताला पट्टी सापडली नाही म्हणून हात वर गेला असणार. मी त्यात कुठे नव्हतेच.

कर्णिक घाईने म्हणाले, "पब्लिकपैकी कुणीतरी लावली असेल साहेब, हल्ली लोक काहीही..."

गप्प बसता आलं असतं मला. माझ्यामागे सहा जणांची पोटं होती. पण समोर अंधारात एकोणतीस माणसं बसलेली, आणि ज्यांना मी कोंडलं त्यांच्याच माथी मारायचं? जीभ उचलेना.

"मी लावली साहेब," म्हटलं.

"बाई, किती वर्षं आहात इथे?"

"एकतीस."

"मग तुम्हाला कळायला हवं होतं."

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी कागदावर लिहिलं आणि गेले. पिक्चर चालूच होता. शेवटी वरून घंटा आली. मी चार नंबर उघडला. माणसं डोळे चोळत त्याच दाराने बाहेर गेली. आत काय झालं, कुणाला पत्ता नाही.

मग लॉबीत चहा घेऊन बसलो. जाधवभाऊ खाली आले. मला वाटलं, आता हे शिव्या घालणार.

"ताई, मी वरच्या खिडकीतून बघत होतो," ते म्हणाले. "सर्टिफिकेट आलं. तू दाराकडे गेलीस. हात वर केलास. मला दिसलं सगळं."

"मग घंटा का नाही मारलीत?"

"मला काही वाटलंच नाही गं. रोजचंच होतं."

चहा तसाच राहिला दोघांचा.

दुरुस्ती करून पुन्हा अर्ज करा, असंच त्या कागदावर होतं. एका खिट्टीची तर दुरुस्ती. पण शेठनी अर्ज केला नाही. महिन्याच्या आत कुलूप लागलं. कर्णिक म्हणाले, "परबबाई, मनाला लावून घेऊ नका. त्यांना निमित्तच हवं होतं." असेल तसं. पण निमित्त दिलं कुणी? ते माझ्याच हातांनी दिलं ना?

आता तिथे निळे पत्रे लागलेत. एकदा उभी राहिले तर वॉचमन म्हणाला, "आई, पुढे व्हा, वरून माल पडतो." जाधवभाऊ चेंबूरला लेकाकडे असतात. फोन केला तर उचलतात. बोलत काही नाहीत. टीव्हीचा आवाज ऐकू येतो, मग मीच ठेवते. ते माझ्यावर रागावलेत की स्वतःवर, विचारायचा धीर झाला नाही अजून.

म्हणून सांगते बाय, ती पोती आज हलव. स्वतः उभी राहून हलव. उद्या म्हणशील, परवा म्हणशील, मग ती तुला दिसायचीच बंद होतील. आणि सवय मोडायला एक दिवस पुरेल असं समजू नकोस. आम्ही तेच समजलो होतो.

आणि ये गो एकदा. रविवारी तुला सुट्टी नसते, मग मंगळवारी ये. माशाचं सार करीन. फोन करून यायला नको. दिवसा मी आता दाराला कडी घालतच नाही, नुसतं लोटून घेते. शेजारीण ओरडते, "परबबाई, कुणी आत शिरेल एखाद दिवशी!" म्हटलं, शिरू दे. तू ढकल आणि आत ये. लवकर ये.