खुर्चीपासून आत्मसंरक्षण

आमच्या कॉलनीवर हल्ला होणार, ही बातमी सगळ्यात आधी कॉलनीनेच पसरवली. त्या दिवशी परभणी बंद होती. बाजारात दगडफेक झाली, टायर जळाले, आणि मोबाईलवर कुठले कुठले व्हिडिओ येऊ लागले. "ते यायलेत," असं जो तो सांगत सुटला. ते म्हणजे कोण, हे कुणीच विचारत नव्हतं. विचारणारा लगेच त्यांच्यातला ठरला असता.

शाळेत मी आयुष्यभर पोरांच्या हातातल्या पट्ट्या काढून घेतल्या, आणि निवृत्त झाल्यावर नवऱ्याच्या हातात तलवार बघितली. ही तलवार यांना गणेश मंडळाने सत्कारात दिलेली. दर खंडेनवमीला तिला तेल-कुंकू लागायचं आणि ती पुन्हा टीव्हीच्या वर खिळ्याला टांगली जायची. समोरच्या बागायतदारांनी रानडुकरं हाकायची परवान्याची बंदूक गच्चीवर नेली. काडतुसं झरीच्या शेतातल्या आखाड्यावर राहिली होती, पण ही गोष्ट गुप्त ठेवायची असं ठरलं. ठरलं तेव्हा अख्खी गल्ली हजर होती.

"आमी काय कुनाच्या अंगावर जायलोत का?" बागायतदार मला म्हणाले. "आत्मसंरक्षणाचा हक्क हाय आपल्याला. कायद्यानं!"

"मग दार लावून घरात बसा की," मी म्हणाले.

"घरात बसून कसलं आलंय संरक्षण?" हे आमच्या यांचं उत्तर. एरवी पाल दिसली तरी मला हाक मारतात.

आदल्या दिवशी बागायतदारांच्या नातवाचं बारसं झालं होतं. मंडपवाल्याच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या बंदमुळे तशाच पडून होत्या. त्या एकावर एक रचून गल्लीच्या तोंडाशी तटबंदी उभी केली. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात मंडपवाल्याचं नाव होतं. शत्रूने वाचलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे लग्न आहे.

दुपारी मंडपवाला आला. आमच्या मुलीच्या लग्नाचा मांडव यानेच घातलेला, पंगतीत शेवटी बसून पोटभर जेवलेला माणूस. टेम्पो काढायची सोय नव्हती, म्हणून चालत आला. जळते टायर बघून त्याला आपल्या प्लॅस्टिकची काळजी लागली असणार. त्याने वरची एक खुर्ची उचलली.

"आला रे आला!" गच्चीवरून आरोळी आली.

हे धावले. तलवार उपसायला गेले, तर इतक्या वर्षांच्या तेल-कुंकवाने ती म्यानात घट्ट बसलेली. तिथेच थांबले असते तर देवीने वाचवलं म्हणता आलं असतं. पण मागे सगळी गल्ली बघत होती. यांनी म्यानासकट हाणली. मंडपवाल्याने डावा हात वर केला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी ओट्यावरून ऐकला.

"सायेब, मी हाय! खुर्च्या न्यायला आलोय!"

मग सगळ्यांनी त्याला ओळखलं. कुणी पाणी आणलं, कुणी त्याला त्याच्याच खुर्चीवर बसवलं. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. त्याला मोटारसायकलवर मधे धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी जबाब घ्यायला जमादार येणार होते, म्हणून आमच्या हॉलमध्ये तालीम झाली. तोवर खुर्चीची लोखंडी पहार झाली होती. 'पहार घेऊन अंगावर धावून आला, आम्ही फक्त जीव वाचवला.' हे टिकलं असतं तर हात मोडलेल्या माणसावरच दंगलीचा गुन्हा लागला असता. मी तसं म्हणाले, तर बागायतदार म्हणाले, "वैनी, त्येचं काय ते बघता येईल मागून."

जमादारांनी सगळ्यांचं ऐकलं आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुमी काय पाह्यलं? हातात काय होतं त्याच्या?"

हे माझ्याकडे बघत राहिले. चष्मा सापडत नसला की बघतात, तसंच.

"खुर्ची," मी म्हणाले. "त्याचीच. पाठीवर नाव हाय, वाचून घ्या. तो कुनाच्या अंगावर आला न्हाई. मारलं यांनी."

त्यानंतर बरेच दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता. गल्लीने मला घरचा भेदी ठरवलं. केस अजून चालू आहे. तलवार पोलिसांकडे मुद्देमालात जमा आहे, त्यामुळे यंदा खंडेनवमीला यांनी रिकाम्या खिळ्यालाच कुंकू लावलं.

मंडपवाला अजूनही आमच्या कॉलनीत येतो. धंदा आहे, न येऊन सांगतो कुणाला. पण टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच थांबवतो, आणि आधी रिकाम्या हातांनी, दोन्ही हात वर करून चालत येतो. "मी हाय बरं का, खुर्च्यावाला!" गल्लीला वाटतं, गडी गमत्या आहे, आणि सगळे हसतात. मी ओट्यावरून बघते. त्याचा उजवा हात सरळ वर जातो, डावा खांद्यापाशीच अडतो.

हे तेव्हा दार लावून घरात बसतात.