तळहाताआडची तीन मिनिटं

सुलूच्या धाकट्या भावाचा, किट्टूचा फोन आला तेव्हा मी पुण्यात बँकेच्या रांगेत उभा होतो. "अण्णा, अक्का गेली," एवढंच तो म्हणाला. सुलू आजारी आहे हे मला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी बंगळूरला के. आर. पुरमच्या तिच्या घरी जाऊन भेटूनही आलो होतो. तरी त्या क्षणी पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं, भीती होती. आता घाबरलो की कुणाकडे बघायचं... पन्नाशीतल्या माणसानं हे छापून आणावं का, कोण जाणे. पण सुलूबद्दल लिहायचं तर माझा भित्रेपणा वगळून लिहिता येणार नाही.

नव्वदच्या दशकात बंगळूरच्या एका कॉलेजात आम्ही पत्रकारितेच्या वर्गात होतो. वडिलांच्या बदलीमुळे मी नागपूरहून आलेला. ती चिकपेटच्या जुन्या मराठी घरातली, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. तिच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं की पहिले सहा महिने मी नुसताच मान हलवत असे. तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही. मी 'नागपूर'च होतो.

शेवटच्या वर्षी दोघादोघांनी मिळून पंधरा मिनिटांचा माहितीपट करायचा होता. तो दिला नाही तर वर्ष वाया. कॉलेजकडे खांद्यावर घ्यायचा एकच व्हीएचएस कॅमेरा होता. त्याच्या भिंगाचं झाकण आधीच्या एखाद्या वर्गानं हरवलेलं. सुलूच्या अप्पांनी जन्मभर पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत पत्रा कापायचं प्रेस मशीन चालवलेलं, त्यामुळे विषय तिनंच ठरवला: प्रेसवर बसणाऱ्यांचे हात. एका शेडच्या मालकानं दोन दिवस शूटिंगची परवानगी दिली. त्या आवाजात मी जीव मुठीत धरून कॅमेरा चालवला. मशीन खाली आलं की दर वेळी माझे डोळे मिटायचे. ती हसायची. "डोळे तुझे मिटू देत रे, कॅमेऱ्याचा नको."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रंगप्पा नावाचा कामगार बाहेर चहाच्या टपरीवर आमच्याशी बोलला. काम भरभर व्हावं म्हणून मशीनवरची संरक्षक जाळी मालकानंच काढायला लावली होती आणि त्यात रंगप्पाची बोटं गेली होती. बोलायला त्याची एकच अट होती. त्याला ओळखता येता कामा नये, नाहीतर नोकरी जाईल. घरात खाणारी पाच तोंडं. "चेहरा अजिबात दिसणार नाही," मी छातीठोकपणे सांगितलं, आणि तीन मिनिटं फक्त चहाचा ग्लास धरलेला त्याचा हात टिपला. आवाज एडिटिंगला जाड करून घेतला. या चतुराईचा मला केवढा अभिमान होता!

कॉलेजात दाखवायच्या आदल्या संध्याकाळी सुलूनं तयार कॅसेट घरी अप्पांना लावून दाखवली. मीही होतो. रंगप्पाचा हात पडद्यावर आला, आणि अप्पा लगेच म्हणाले, "अगं, हा रंगप्पा की!"



"पण अप्पा, चेहरा कुठं आहे त्यात?" सुलूनं विचारलं.

"चेहरा कशाला पाहिजे? दोन बोटं अर्धी, करंगळी वाकडी. प्रेसवर बसणारे आम्ही हातावरनंच ओळखतो एकमेकांना. मालकाला तर पक्कं ठाऊक. दवाखान्यात त्यानंच नेलं होतं त्याला."

 आणि परवानगीचे आभार म्हणून आमच्या सरांनी त्याच मालकाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. एडिटिंगचं मशीन आता मिळणार नव्हतं. मी काय म्हणालो ते लपवत नाही. मी म्हणालो, "पुढच्या रांगेतूनसुद्धा त्यांना एवढं बारीक कुठं दिसणार आहे?" मला माझ्या वर्षाची भीती होती. सुलूनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेची मला अजून लाज वाटते.

सकाळी मी तिच्या घरी पोहोचलो तेव्हा मूळ शूटिंगच्या कॅसेटची फीत ओढून तिनं पाणी तापवायच्या चुलीत घातलेली होती. उरली होती ती तयार कॅसेट. तिच्यावर काही भरता येत नव्हतं, कारण सुलूला एक सवय होती. कॅसेट पूर्ण झाली की ती पाठीवरची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडून टाकायची, म्हणजे किट्टूनं त्यावर क्रिकेट भरायला नको. मोडलेल्या जागी तिनं आता चिकटपट्टी लावली, अजून आमच्याकडेच असलेल्या कॅमेऱ्यात कॅसेट घातली आणि रंगप्पा सुरू होतो तिथं आणून थांबवली.

"दाब बटण," ती म्हणाली, आणि झाकण नव्हतं म्हणून स्वतःचा तळहात भिंगावर गच्च दाबून धरला.

घड्याळाकडे बघत तीन मिनिटं आम्ही तसे उभे होतो. 

हॉलमध्ये मालक खरंच पहिल्या रांगेत बसले होते. सुलू टीव्हीपाशी उभी राहिली. तो भाग आला तसा तिनं आवाज पूर्ण बंद केला. पडदा काळा. मागून कुणी शिट्टी मारली.  तीन मिनिटं इतकी लांब असतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

चहाच्या वेळी मालक जवळ आले. "मधे काय झालं? टेप खराब?"

"हो सर, खराब निघाली."

"आमच्याकडे असा माल परत पाठवतात," ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमचं कुणी बोललं का तुमच्याशी?"

मी खाली बघितलं. मी तोंड उघडलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं.

"नाही सर. सगळे कामात होते," सुलू म्हणाली आणि त्यांच्यापुढे बिस्किटांची बशी धरली.

आम्ही काठावर पास झालो. रंगप्पा त्या शेडमध्ये निवृत्त होईपर्यंत राहिला. या गोष्टीवर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मी बोलू दिलं नाही, असं म्हणणं जास्त खरं.

गेल्या आठवड्यात किट्टूनं तिच्या कपाटातली ती कॅसेट माझ्या हातात ठेवली. पाठीवरची चिकटपट्टी पिवळी पडली होती, पण सुटली नव्हती. चिकपेटच्या एका गल्लीत जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून देणारं दुकान आहे, तिथं नेली. ती तीन मिनिटं आली. आवाज कुणी बंद केलेला नव्हता. कुकरची शिट्टी, अप्पांचा खोकला, आणि मग माझाच कोवळा, घाबरलेला आवाज, "सुलू, त्यांनी विचारलं तर?"

"मला विचारू देत की. तू स्वल्प नीट उभा राहा. भितोस किती रे नागपूर... मी धरलंय ना."

आणि पडदा काळा नव्हता. कॉलेजच्या त्या टीव्हीवर कळलं नव्हतं, इथं दिसलं. खिडकीचं ऊन तिच्या बोटांच्या फटींतून झिरपत होतं, कडेनं मंद लाल.

"सार, इथं काहीच नाही," दुकानदार हिंदीत म्हणाला. "कापून टाकू का हा भाग?"

"नको," मी म्हणालो. "तिचा हात आहे तो."