नातेपुत्याहून सुमनताई विचारतात

काकू गेल्याची बातमी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. मी ऑफिसात होते. काकांचा दोन ओळींचा मेसेज वाचला आणि बोट आपोआप वर सरकलं… तिथे काकूच्या कार्यक्रमाचा शेवटचा भाग होता, आणि त्याखाली नातेवाइकांनी ओळीने टाकलेले हसरे चेहरे. ते अजून तिथेच आहेत. काढावेसे कुणालाच वाटले नाहीत.

शैलाकाकू माझ्या धाकट्या काकांची बायको. नातेपुत्याहून लग्न होऊन शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी आली, तेव्हा मी शाळेत होते. ‘रविवारची फोडणी’ हा कार्यक्रम तिने स्वयंपाकघरात, मोबाइलवर रेकॉर्ड करून सुरू केला. दोन-तीन गाणी ती स्वतः म्हणायची, मधे श्रोत्यांच्या फर्माइशी, आणि मग सगळं ग्रुपवर. सुरुवातीचं संगीत म्हणजे तेलात तडतडणारी मोहरी. शेंगाचटणीच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात फोन ठेवला की आवाज रेडिओसारखा घुमतो, हा तिचाच शोध. मी इंग्रजी शाळेतली, चार माणसांत तोंड न उघडणारी. माझं काम डबा धरायचं. “धर की नीट! मोहरी उडाली म्हणून काय रेडिओ बंद पडतो व्हय?” असं खेकसून ती पुढच्याच श्वासाला शुद्ध, गोड आवाजात म्हणायची, “नमस्कार, श्रोतेहो…”

फर्माइशी तिनेच रचलेल्या असायच्या. सगळ्यांत जास्त नातेपुत्याच्या सुमनताईंच्या. सुमनताई नावाचं कुणी नव्हतंच. “सुमनताई विचारतात, घरातल्या पुरुषांनी जेवल्यावर आपलं ताट उचललं नाही, तर कोणता राग गावा?” “सुमनताईंना माहेरी जायचंय, पण घरात कुणी विषयच काढत नाही. त्यांच्यासाठी हे विरहगीत.” सगळे हसायचे. “ही सुमन लई डांबरट आहे बरं का!” असं म्हणत काका हात धुवायला उठायचे. ताट तिथेच.

एकदा मी तिला विचारलं, “काकू, तू स्वतः का नाही सांगत?”

“मी म्हणलं की कटकट हुती गं. सुमननं म्हणलं की टाळ्या पडत्यात.”

शेवटच्या रविवारी सुमनताईंनी विचारलं, “जिना चढताना छातीत कळ येते. श्रोत्यांपैकी कुणी डॉक्टरकडे नेईल का?” पुढचं गाणं काकूने अर्ध्यात सोडलं, धाप लागली म्हणून. डबा माझ्याच हातात होता. दुपारी मी काकांना म्हटलं, काकूला दाखवून आणू या. टीव्हीवरची नजर न काढता ते म्हणाले, “अगं, कार्यक्रम आहे तो. इंग्रजी शाळेत घातलं की गंमत कळत नाही बघ.” मी काकूचा हात धरला. चल, आपण दोघीच रिक्षाने जाऊ. तिने हात सोडवून घेतला. “त्यांनी म्हणू दे की. मग जाऊ.”

त्यांनी म्हटलं नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

तेराव्याला बाहेरच्या खोलीत एकेकजण बोलला. शैला फार सोशिक. शैलाने कधी काही मागितलं नाही. काकाही मान डोलावत होते. मी भिंतीला टेकून ऐकत होते. खोटं आहे हे! ती दर रविवारी मागत होती. नाव घेऊन, गाव सांगून, गाऊन मागत होती. तुम्ही ऐकलंत, हसलात आणि पुढचा मेसेज उघडलात. आज तिला सोशिक म्हणणं तुमच्या सोयीचं आहे, एवढंच.

राग तिच्यावरही आहे. इतका सुंदर आवाज होता, आणि तो तिने त्या नसलेल्या बाईला देऊन टाकला. स्वतःसाठी काय ठेवलं?

गेल्या रविवारी मी फळीवरचा डबा काढला. लसूण आणि शेंगांचा वास अजून आहे त्यात. तेल तापवलं, मोहरी टाकली, फोन डब्यात ठेवला. आवाज कापत होता, पण डब्याने तो घुमवून मोठा केला. “नमस्कार, श्रोतेहो. आजची फर्माईश सुमनताईंची नाही. शुक्रवार पेठेतून मुग्धा विचारते… काका, तुम्ही काकूला डॉक्टरकडे का नेलं नाहीत?”

ग्रुपवर सगळ्यांनी ऐकलं. या वेळी एकही हसरा चेहरा आला नाही. बाहेरच्या खोलीतून, काकांच्या फोनवर, माझाच आवाज एकदा ऐकू आला, मग पुन्हा एकदा. नंतर काका उठून गेल्याचं पावलांवरून कळलं.

मी बाहेर आले. त्यांचं ताट तिथेच होतं. मी ते उचललं नाही.